दोन हातांमधलं पाणी

शेव्ह करताना पहिल्या आणि दुसऱ्या हाताच्या मध्ये चेहरा धुवायचा की नाही? प्रश्न किरकोळ वाटतो? मग तारापूर एमआयडीसीत रोज सकाळी गुळगुळीत गालांनी शिफ्टला हजर होणाऱ्यांना विचारा!

रविवारी सलूनच्या खुर्चीत डोळे मिटून बसलं, की दाढी आपोआप होते. प्रॉब्लेम असतो सोमवारचा. पाम असो, कुंभवली असो की बोईसर स्टेशनजवळचा वन बीएचके, सकाळची घाई सगळीकडे सारखीच. नळाला पाणी आहे तोवर आंघोळ उरकायची, डबा भरायचा, कंपनीची बस गाठायची. त्यात दाढीला मिळतात जेमतेम पाच मिनिटं. रेझर एकदा वरून खाली फिरतं, हनुवटीखाली खरखर उरते आणि मग अर्धवट सुकलेल्या फेसावरूनच ते सरळ खालून वर! दुपारपर्यंत मानेवर लाल पुरळ उठतं आणि कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारतंच, ‘काय रे, मच्छर चावले का?’

एकदा साबण लावून पूर्ण चेहऱ्यावरून वस्तरा फिरवला, की तो झाला एक हात. बरेच जण दोन हात मारतात, हौशी मंडळी तीन. वाद आहे तो दोन हातांच्या मधल्या अर्ध्या मिनिटाचा.

धुणारे आणि न धुणारे

धुणाऱ्यांचं म्हणणं सोपं आहे. पहिल्या हातानंतर चेहऱ्यावर उरतो तो केसांचा चुरा मिसळलेला, मरगळलेला फेस. तो काढल्याशिवाय नवा फेस नीट बसत नाही. शिवाय ओल्या बोटांनी चाचपलं की खुंट नेमके कुठे राहिलेत आणि कुठल्या दिशेला वाढतात, ते लगेच कळतं.

न धुणारेही चुकीचं बोलत नाहीत. साबणाचा बुळबुळीतपणा हीच रेझर आणि त्वचेच्या मधली गादी. ती धुऊन टाकायची आणि पुन्हा घालायची, हा उपद्व्याप कशाला? आणि पाणी काय फुकट येतं? नळ मिनिटाला 6 लिटर सोडत असेल, तर पाच मिनिटांत 30 लिटर पाणी गटारात. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हे बोलून तर बघा!

सलूनवाला काय करतो?

आता जरा आपल्या कारागिराकडे नीट बघा. पहिला हात झाला की तो तुम्हाला उठवून बेसिनकडे नेत नाही. स्प्रेच्या बाटलीने दोन फवारे मारतो किंवा ओला हात फिरवतो, ब्रश पुन्हा घोळवतो आणि नवा फेस चढवतो. ‘उलटा हात मारू का?’ हा प्रश्न त्यानंतरचा. खळखळून धुणं शेवटी एकदाच, मग तुरटी. म्हणजे तो चेहरा धूत नाही, पण कोरडाही ठेवत नाही. सगळा फंडा इथेच आहे.

कारण केस पाणी प्यायला की मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं भिजायला मिळाली की काम सोपं. दुसऱ्या हातापर्यंत केस भिजलेला असतो, पण पंख्याखाली वरचा फेस झपाट्याने सुकतो. सुकलेल्या फेसावर पातं घसरत नाही, खरवडतं. त्यात उलटा हात असेल, तर केस त्वचेच्या खाली कापला जातो आणि वाढताना आत वळून पुटकुळी होते. कुरळ्या केसवाल्यांना हा ताप जास्त.

मगभर पाण्याचा धडा

पाण्याचं हे गणित जिलेटलाही महागात शिकावं लागलं. 2002 साली कंपनीने भारतासाठी व्हेक्टर नावाचं रेझर आणलं. अडकलेले केस बाहेर ढकलायला त्यात प्लास्टिकची पट्टी होती. आधी ते अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांकडून वापरून घेतलं होतं आणि त्यांना ते पसंत पडलं होतं. इथे मात्र रेझर तुंबायला लागलं. तिथे मुलांच्या बेसिनला वाहता नळ होता, इथे कित्येकांची दाढी मगभर पाण्यात उरकते! मग कंपनीची माणसं भारतातल्या घरांत बसून पुरुषांची दाढी बघायला लागली. त्यातून 2010 साली आलं जिलेट गार्ड : एकच पातं, धुवायला सोपं, किंमत 15 रुपये. धडा आपल्यालाही लागू आहे. चेहरा धुवा न धुवा, रेझर मात्र दर दोन-तीन फटक्यांनंतर मगात खळबळलंच पाहिजे.

मास्कचा मामला

आमच्या पट्ट्यात हा सगळा खटाटोप फक्त लुकसाठी नसतो. केमिकल प्लांटमध्ये वायू आणि वाफांपासून वाचवणारा रबरी मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटावा लागतो. कडेखाली खुंट आले की फट पडते आणि नको ते आत शिरतं. म्हणून तिथे दाढीची फॅशन बाद, क्लीन शेव्ह मस्ट. पण सोललेल्या गालावर घामट रबर आठ तास बसलं, तर काय आग होत असेल! मग हात आपसूक पट्ट्याकडे जातो, तो सैल होतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी दाढीलाच सुट्टी मिळते. दोन्ही गोष्टी धोक्याच्या. मास्कला आरशासारखा गाल लागत नाही, खुंट नसले की झालं. तेव्हा ड्युटीच्या दिवशी तिसऱ्या, उलट्या हाताचा हट्ट सोडा.

मग फायनल काय?

धुणं कंपल्सरी नाही, ओलं करणं कंपल्सरी! हे ट्राय करा :

• दाढी आंघोळीनंतर करा. तेवढा वेळ नसेल, तर ओला टॉवेल दोन मिनिटं गालावर धरा.

• पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेने. मग ओला तळवा फिरवा, चाचपा आणि नवा फेस लावा. दुसरा हात आडवा.

• फेस कडक झाला असेल किंवा केसांनी भरला असेल, तर ओंजळभर पाण्याने धुवा. नळ सोडून ठेवायची गरज नाही.

• बोअरवेलवाल्यांनो, जड पाणी म्हटलं की तारापूरवाल्यांना अणुभट्टी आठवते, पण तुमचा शत्रू आहे क्षार. क्षाराच्या पाण्यात फेस कमी होतो आणि साबणाचा चिकट थर त्वचेवर राहून ती कोरडी पडते. फेसासाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी पिण्याच्या पाण्यातलं मगभर बाजूला काढा.

• शेवटी तुरटी. जिथे जास्त झोंबेल, तिथे तुम्ही रेझर जास्त दाबलंय. उद्या तिथे हात हलका ठेवा.

एवढ्याला पाणी लागतं दोन मग आणि वेळ लागतो एक मिनिट जास्त. बसवाला तेवढं थांबतो, नाही का?