वशिंडाची साक्ष

बैलबाजारांत जनावराचें कूळ ठरवितांना बहुतेक मंडळी वशिंडावर भिस्त ठेवितात. ही खूण कितपत विश्वासार्ह आहे, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हाडांची साक्ष घेऊं. वशिंड मातींत कुजून जातें. परंतु त्याखालील मणक्यांवरचे उभे कांटे टिकतात. वशिंडाच्या गुरांत यांपैकीं कांहीं कांट्यांचीं टोकें दुभंगलेलीं असतात. युरोपांतील बिनवशिंडाच्या गुरांत तीं सहसा एकसंध असतात. उत्खननांत सांपडलेलीं हाडें ओळखण्यास ही खूण उपयोगी पडते. बलुचिस्तानांतील मेहरगड येथें सुमारें ८००० वर्षांपूर्वीं वशिंडाचीं गुरें माणसाळविलीं गेलीं, असें तेथील अवशेषांवरून दिसतें.

दुसरी साक्ष आनुवंशिकीची. पेशींतील मायटोकाँड्रिया नांवाच्या सूक्ष्म कणांतला डीएनए वासरास आईकडूनच मिळतो. उलट वाय गुणसूत्र बापाकडून गोऱ्ह्यास मिळतें. म्हणजे बैलाच्या अंगांत आजोळ व पितृकुल यांचीं दोन स्वतंत्र दप्तरें असतात. १९९४ सालीं डब्लिन येथील संशोधकांनीं युरोप, आफ्रिका व भारत येथील गुरांचीं मातृवंशाचीं दप्तरें ताडून पाहिलीं. भारतीय व युरोपीय गुरांचे वंश निदान २ लाख वर्षांपूर्वींच विभक्त झालेले आढळले. गुरें माणसाळविण्याची कहाणी तर सुमारें १० हजार वर्षांची. तेव्हां दोन्ही एकाच पाळीव गाईचीं लेंकरें, हें मत टिकेनासें झालें.

खरें आश्चर्य आफ्रिकेचें. तेथील पुष्कळ गुरांस वशिंड आहे, तेथील अनेक वळूंचें वाय गुणसूत्रही भारतीय वळणाचें आहे. मातृवंश मात्र बिनवशिंडाच्या गुरांचा! आशियांतून वळू गेले व ते स्थानिक गाईंस दाखविले गेले, असाच याचा अर्थ. ताबा एकाचा व मूळ दस्तऐवज दुसऱ्याचा, अशीं प्रकरणें महसुली कामांत आम्ही पुष्कळ पाहिलीं. जनावराच्या अंगांतही तीं निघावींत, ही मौज आहे.

आपल्या गोठ्यांत याच्या उलट घडत आहे. खिलार गाईच्या वंशांत चार पिढ्या होल्स्टीन वळूचें रेत भरविलें, तर पणतीच्या मुलीस वशिंड जवळजवळ राहत नाहीं. मातृवंशाचें दप्तर तेवढें अभंग राहतें. पण ऊन सोसण्याचा व गोचिडांस दाद न देण्याचा गुण त्या दप्तरांत नव्हे, मुख्यतः गाईच्या ६० गुणसूत्रांत विखुरलेला असतो. आणि त्यांतील खिलार अंश पहिल्या पिढींत निम्मा, चौथींत सरासरी सोळावा हिस्सा उरतो. दूध वाढतें हें खरें, व ज्यास हिरवा चारा, सावली आणि जनावरांचा डॉक्टर हाताशीं आहे त्यानें संकर अवश्य करावा. कोरडवाहू गांवांत मात्र आमचें मत निराळें आहे.

तेथें खिलार गाई राखणारे अजून भेटतात; शुद्ध वळू पोसण्यास मात्र कोणी सहसा तयार होत नाहीं, कारण त्याचा खर्च एकाचा व लाभ साऱ्या गांवाचा. गाई कितीही राखल्या तरी त्यांच्या पोटीं पितृकुलाचें दप्तर नाहीं. दहा-बारा खातेदारांनीं मिळून एक वळू पोसावा, त्याच्या आईबापांची नोंद वहींत ठेवावी, आणि जवळच्या नात्यांत संकर होऊं नये म्हणून तीन-चार वर्षांनीं दुसऱ्या गांवाशीं त्याची अदलाबदल करावी.