तेल, पाणी आणि हाक

सकाळी बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशी येतात, बांगड्या काढून खिडकीत ठेवतात, कोपरापर्यंत हात धुतात आणि न्हाणीघरातल्या पाटावर पाय लांब करून बसतात. सांगलीतल्या या घरातलं बाळ दोन महिन्यांचं. त्याला पायांवर घेण्याआधी त्या खोबरेल तेल दोन्ही तळहातांवर चोळून हात ऊबदार करतात. गार हात लागला की बाळ दचकतं.

पहिला हात तळपायांना, मग पोटऱ्या, मांड्या, पाठ. दाब ना फार हलका, ना जोराचा. तोंडाने बोलणं अखंड चालू: "आता हा हात बघू. आता दुसरा. शहाणं माझं बाळ!" बाळाने मूठ उघडली की त्या तळहातात अंगठा फिरवतात. कपाळाला आठी पडली, पाय ताठ झाले किंवा त्याने मान फिरवली, की हात थांबतो. बाळ सैल झाल्यावरच पुढचा हात. पाणी घालण्याआधी त्याची उष्णता कोपराने पाहतात.

या अर्ध्या तासात बाळाची बहुतेक सगळी इंद्रियं कामाला लागलेली असतात.

स्पर्शाची जाणीव सर्वांत आधी, गर्भातच जागी होते. पोटातलं बाळ सहाव्या महिन्याच्या सुमारास आवाजही ऐकू लागतं. म्हणूनच जन्मल्यावर आईचा आवाज त्याला ओळखीचा असतो. डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी 1980 मध्ये दाखवून दिलं, की जेमतेम तीन दिवसांची बाळंही परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. नजर मात्र अजून कच्ची असते. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढंच.

मालिशचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत संशोधक टिफनी फील्ड यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं चोळलं. इतर बाळांच्या तुलनेत त्यांचं रोजचं वजन 47 टक्क्यांनी जास्त वाढलं.

पण परंपरेतलं सगळंच जपावं असं नाही. नाकाकानात तेल सोडणं, नाक दाबून 'सरळ' करणं, शेगडीच्या धुरात बाळाला धरणं, डोळ्यांत काजळ घालणं हे बंदच व्हायला हवं. तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं, धूर फुप्फुसांना बाधतो आणि काजळात शिसं असू शकतं. या घरात डॉक्टरांनी समजावल्यावर मावशींनी हे सगळं सोडलं. हाताचं कसब मात्र तेच राहिलं.

दुपारी बाळ जागं असलं की आई त्याला चटईवर थोडा वेळ पालथं ठेवते आणि स्वतः समोर आडवी होते. मान उचलली की आईचा चेहरा दिसतो, खांद्यांना बळ येतं. रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी, नजरेखाली, दिवसभरात मिळून किमान अर्धा तास असं पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे.

याच घरातला दीड वर्षाचा आतेभाऊ स्वयंपाकघरात बसलेला असतो. हातात कणकेचा गोळा, समोर स्टीलची वाटी, पोळपाट आणि चमचा. तो वाटीवर चमचा मारतो, ऐकतो, मग पोळपाटावर मारतो. आवाज वेगळा येतो. पुन्हा वाटी, पुन्हा पोळपाट. आजी शेजारी बसून सांगते, "हे खणखणतं, हे ठक् वाजतं." कणीक मऊ, नारळाची करवंटी खरखरीत, फ्रीजमधली काकडी गार. महागडं खेळणं एकही नाही. टीव्ही बंद असतो, कारण त्याच्या गोंगाटात वाटी आणि पोळपाट यांतला फरक हरवून जातो. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगते. शेंगदाणे, फुटाणे, मणी मात्र त्याच्या हाताला लागणार नाहीत असे वर ठेवलेले असतात.

आजी असो वा मावशी, दोघींचं लक्ष पोराच्या चेहऱ्याकडे असतं. त्याने कंटाळून मान वळवली की खेळ संपला. इंद्रियांचा विकास एकाच वेळी दहा गोष्टी दाखवून होत नाही. एक गोष्ट, पुरेसा वेळ आणि त्याला उत्तर देणारं एक माणूस एवढं लागतं.

अशी रोज बघणारी माणसं घरात असली की उणीवही लवकर ध्यानात येते. हाकेला बाळ दचकत नाही, चेहऱ्याकडे पाहत नाही, असं वाटलं तर 'मोठं झाल्यावर होईल' म्हणून थांबू नका. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी, दोषाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हावं आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा बाळांसाठी सोय केलेली आहे. आशाताईंना, म्हणजे आशा स्वयंसेविकांना विचारा, बाळाला घेऊन जा.