टिंबाआधीची रेघ

हैदराबादेतल्या काचीगुड्यात एका डीटीपीच्या खोलीत मी गेले ती एका छापील पानामुळे. त्यावर काका आणि मामा, दोघांचंही ‘णण’ झालं होतं. आईची झाली होती ‘णई’.

पान त्याच शहरातल्या एका मराठी घरच्या आजोबांच्या आठवणींचं. मजकूर कृतिदेव फॉन्टमधला; नातवंडांना तो मोबाइलवर वाचायचा, म्हणून युनिकोडमध्ये हवा. फायली ३४०. पहिला प्रयत्न असा फसल्यावर काम या खोलीत डीटीपी करणाऱ्या ताईंकडे आलं होतं.

कृतिदेवमधली देवनागरी फक्त दिसण्यापुरती असते. फाइलीत असतात इंग्रजी कळांवरची चिन्हं. नुसता ‘के’ म्हणजे काना. त्याआधी टिंब असलं की ‘ण’, तिरकी रेघ असली की ‘ध’, चौकटी कंस असला की ‘ख’, एकेरी अवतरणचिन्ह असलं की ‘श’. शोधून बदलण्याचं काम करणाऱ्या ‘सेड’ या प्रोग्रॅमला मात्र टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. मग ‘टिंब-के’च्या जागी ‘ण’ घाल म्हटलं, की काना असलेलं जे सापडेल ते ‘ण’ होतं.

“टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिली नाही, तर ते सगळ्यांना खातं,” ताई म्हणाल्या.

कंसाआधीही तीच रेघ. ‘ध’साठी ताई आदेशाचे भाग तिरक्या रेघेऐवजी उभ्या रेघेने पाडतात. अवतरणचिन्ह दिसलं की आदेश वाचून चालवणाऱ्या शेलला त्याचा मजकूर संपला असं वाटतं, म्हणून सगळे नियम वेगळ्या फाइलीत लिहितात. तिथे शेल डोकावत नाही. जोड्या आधी, एकटा काना नंतर; शेवटी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आपापल्या जागी सरकवायचे.

आदेश तयार झाला. त्यांनी तो एकाच फाइलीच्या प्रतीवर चालवला आणि पान मोठ्याने वाचायला घेतलं. “३४० फायली एका दमात होतात, भीती त्याचीच आहे.” मला हे वाचन बघत राहावंसं वाटलं. याला संपादनच म्हणायला हवं, आणि मजुरी मात्र मिळते टायपिंगची.

एका ओळीशी त्या थांबल्या. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं तेव्हा तिथे शिकलेल्या आजोबांनी ‘क़लम’ नुक्ता देऊन लिहिलं होतं. कृतिदेवमध्ये नुक्ता म्हणजे अधिकचं चिन्ह, आणि ‘सेड’च्या विस्तारित पद्धतीत त्या चिन्हाचा अर्थ ‘एक किंवा अधिक वेळा’. म्हणून ताई ती पद्धत वापरत नाहीत. मराठीत नुक्ते कशाला, काढून टाका, असं घरच्यांपैकी कुणीतरी सुचवलं होतं.

“त्यांनी दिलाय ना,” ताई म्हणाल्या, आणि नुक्त्यासाठी वेगळा नियम लिहायला बसल्या.