वाट दाखवणारा तारा

उन्हाळ्यात आपण अंगणात बाज टाकून निजतो. वर सारे आभाळ चांदण्यांनी भरलेले असते. त्यांतली एक चांदणी आपल्याला वाट दाखवते. ती कोणती, ते आज पाहू या.

वैशाखात जेवणे झाली की उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. उंचावर सात तारे दिसतील. चार तारे बाजेच्या खुरांसारखे, आणि उजवीकडे तीन तारे शेपटीसारखे. हे सप्तर्षी.

आता बाजेचे डावीकडचे दोन खूर बघा. वरच्या ताऱ्यापासून खालच्यापर्यंत मनाने रेघ ओढा. ती तशीच पाचपट खाली न्या. तिथे एकटा तारा दिसेल. तोच ध्रुव!

ध्रुव सर्वांत तेजस्वी असतो, असे पुष्कळांना वाटते. पण तसे नाही. तो सप्तर्षींच्या ताऱ्यांसारखाच दिसतो. मग त्याचे मोठेपण कशात?

खळ्यात बैल मेढीभोवती फिरतात, मेढ मात्र जागची हलत नाही. तसेच हे आहे. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकताना दिसतात. ध्रुव मात्र रात्रभर उत्तरेलाच असतो.

रात्री रानात वाट चुकली, तर घाबरू नका. ध्रुवाकडे तोंड करा. उजवा हात पूर्वेला, डावा पश्चिमेला, पाठ दक्षिणेला. आपले गाव कोणत्या अंगाला, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

आज रात्री मुलांनाही ध्रुव दाखवा बरे!