मृत्यूनंतरच्या गोष्टी आणि तेरा वर्षांचे वाचक

मुले वाचत नाहीत, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करताना कोणी आजूबाजूला पाहतही नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी वाचनालयात किंवा पुस्तकांच्या दुकानात तासभर बसून पाहावे. बारा ते सोळा वयाची मुले येतात, थेट एका विशिष्ट कपाटाशी जातात आणि चारशे-पाचशे पानांची जाडजूड इंग्रजी पुस्तके काखोटीला मारून निघून जातात. मुखपृष्ठे बहुधा काळी किंवा गडद निळी. एका पुस्तकाने भागत नाही, तीन-चार भागांची मालिकाच असते. त्यांतल्या कित्येक मालिकांचा नायक किंवा नायिका पहिल्याच प्रकरणात मरते. पुढची सगळी गोष्ट मरणानंतरची.

हे कळल्यावर पालक हादरतात. ‘या वयात हे काय भलतेच वाचन?’ असा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत अनेकांनी विचारला आहे. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा या रोगावरचे औषध मला ठाऊक असेल, अशी त्यांची समजूत असावी. म्हणून यांतली एक मालिका मी मुद्दाम, पेन्सिल हाती घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

अमेरिकन लेखक नील शुस्टरमन यांची ही त्रिधारा. ‘एव्हरलॉस्ट’ हा पहिला भाग २००६ साली आला. नंतर २००९ मध्ये ‘एव्हरवाइल्ड’ आणि २०११ मध्ये ‘एव्हरफाउंड’. निक आणि अ‍ॅली ही दोन मुले मोटार अपघातात मरतात. पलीकडच्या प्रकाशाकडे जाताना बोगद्यात ती एकमेकांवर आदळतात आणि वाट चुकून मधल्याच एका जगात पडतात. या जगात फक्त मुलेच आहेत, कारण मोठी माणसे सरळ वाटेने जातात, ती अशी भरकटत नाहीत. जिवंत माणसांना ही मुले दिसत नाहीत. जिवंतांच्या जमिनीवर ती जरा वेळ थांबली, तर पाय रुतू लागतात आणि शेवटी पृथ्वीच्या पोटात जातात. मरताना अंगावर जे होते ते कायमचे चिकटते. निकच्या तोंडाला चॉकलेट लागलेले होते, ते पुसले जात नाही. हळूहळू ती स्वतःचे नावही विसरतात. ज्या वास्तूंवर माणसांनी मनापासून जीव लावला, त्या नष्ट झाल्यावर या जगात उभ्या राहतात. न्यूयॉर्कचे २००१ साली कोसळलेले ते जुळे मनोरे तिथे शाबूत आहेत. त्या मनोऱ्यांत मेरी नावाची एक मुलगी शेकडो मुलांना मायेने सांभाळते. रोज तोच खेळ, तेच हसणे. यालाच ती सुख म्हणते. आणि प्रत्येक मुलाजवळ येताना एक नाणे असते, पुढे जाण्याचे भाडे. मेरीला मात्र कोणी पुढे जायला नको आहे.

भीतीदायक म्हणावे असे प्रसंग या पुस्तकांत आहेत. पण त्यांचा गाभा भीतीचा नाही, सोडून देण्याचा आहे. प्रेमाने धरून ठेवणे केव्हा तुरुंग होते आणि निरोप केव्हा द्यावा, हा प्रश्न लेखकाने तेरा वर्षांच्या वाचकापुढे बरोबरीच्या नात्याने ठेवला आहे.

आता आपल्याकडे पाहू. मृत्यूच्या दारात जाऊन प्रश्न विचारणारा मुलगा आपल्याला नवा आहे काय? कठोपनिषदातला नचिकेत हा किशोरच आहे. वडील दानात म्हाताऱ्या, आटलेल्या गाई देत आहेत हे त्याला खटकते, तो ‘मला कोणाला देणार?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो आणि संतापलेला बाप ‘मृत्यूला’ म्हणून मोकळा होतो. मुलगा खरोखर निघतो. यम घरी नाही. तीन रात्री हा उपाशी दाराशी बसतो. तिसऱ्या वराच्या वेळी तो विचारतो, की माणूस मेल्यावर काही उरते की नाही? यम हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य असे सगळे देऊ करतो. मुलगा बधत नाही. बापाशी भांडण, घर सोडणे, मोठ्यांच्या लाचेला नकार: आजच्या कुमारकादंबरीचा सगळा ऐवज या जुन्या कथेत आहे.

पुढे सोमदेवाच्या कथासरित्सागरातला वेताळ आहे. राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि दर गोष्टीच्या शेवटी न्यायाचा एक अवघड प्रश्न. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली सुरू झाला आणि आमच्या पिढीने ही जोडी दर महिन्याला डोळे फाडून वाचली. शंकर यांनी रंगवलेला तो तलवारधारी विक्रम कोणाला आठवत नाही? गावोगावचा मुंजा तर थेट निक आणि अ‍ॅलीचा भाऊबंद. मुंज झाली पण लग्न होण्याआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही आपली कल्पना. २०२४ साली त्याच्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि मुलांनी गर्दी केली. घाट उतरून कोकणात गेले, तर वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला भुतांचा राजा वेतोबा देव होऊन बसला आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात. भुताला असे घरातले माणूस करून घेणारी आपली संस्कृती. मग आपली मुले इंग्रजी कपाटाकडे का वळतात?

मला वाटते, मधल्या काळात आपण मुलांसाठी लिहिताना हे दार ओढून घेतले. साने गुरुजींनी ते ओढले नव्हते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात आई मरते आणि ते मरण आडून सांगितलेले नाही. दूर असलेल्या श्यामला शेवटची भेटही मिळत नाही. पिंडाला कावळा लवकर शिवत नाही, घरची माणसे कासावीस होतात, आणि मागे राहिलेल्या धाकट्याच्या काळजीचा शब्द दिला गेल्यावर तो शिवतो. पिढ्यान्‌पिढ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांनी हे वाचले, रडली, आणि त्यांचे काही बिघडले नाही.

नंतर हा प्रांत मोठ्यांच्या गूढकथेकडे गेला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही त्यातली दोन ठळक नावे. धारपांचे समर्थ, त्यांची ‘लुचाई’, मतकरींची ‘खेकडा’ ही पुस्तके लिहिली गेली मोठ्यांसाठी. पण वाचनालयांतून ती नेऊन रात्री पांघरुणात वाचली ती आठवी-नववीतल्या पोरांनी. २०१८ च्या ‘तुंबाड’ या चित्रपटाची बीजे धारपांच्याच कथेत होती. धारप २००८ साली गेले, मतकरी २०२० साली. मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’सारखी नाटके लिहिली आणि मोठ्यांसाठी गूढकथा. या दोन्हींच्या मधले, तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाचे जे वय आहे, त्याच्यासाठी मृत्यूविषयीची सलग, मालिकेसारखी गोष्ट मराठीत फारशी कोणी लिहिली नाही. त्या वयाला आपण साहस दिले, विज्ञान दिले, शिवचरित्र दिले. ‘मेलेले माणूस कुठे जाते?’ हा प्रश्न मात्र त्यांनी न विचारलेलाच बरा, असे धरून चाललो.

हा प्रश्न किती जवळचा आहे, हे मला माझ्या पुतण्याच्या मुलीमुळे समजले. ती आता तेरा वर्षांची आहे. तिची आजी, म्हणजे माझी वहिनी, २०२१ च्या मे महिन्यात करोनाने गेली. त्या दिवसांच्या नियमाप्रमाणे दवाखान्यातून परस्पर स्मशानात. घरी आणले नाही, कोणाला चेहरा दिसला नाही, दहाव्याला माणसे नाहीत. मुलीला ‘आजी देवाघरी गेली’ असे सांगण्यात आले आणि विषय मिटला. शुस्टरमनची ती मालिका मला तिच्याकडूनच मिळाली. तिन्ही भागांची पाने हाताळून मऊ झाली होती.

‘कितीदा वाचलीस गं?’ मी विचारले.

‘तीनदा. चौथ्यांदा सुरू केलो होतो, तुम्ही मागितलासा म्हणून दिलो,’ ती आमच्या कोल्हापुरी पोरींच्या खाक्यात म्हणाली.

‘भीती नाही वाटत?’

‘भीती कशाची, आजोबा? यात कुणी देवाघरी गेली म्हणून गप्प बसवत नाही. आणि मला एक सांगा, आजीजवळ नाणं असंल का? तिला कुणी दिलंच नसंल तर?’

पुस्तकातल्या नाण्याची जागा आपल्याकडे तुळशीपत्र आणि गंगेचे दोन थेंब घेतात. त्या मे महिन्यात ते कोणी तोंडात घातले असतील का, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. चार वर्षे ही पोर मनात तोच हिशेब करत होती. मी तिला उत्तर दिले नाही, कारण ते माझ्याजवळ नाही. कावळ्याची रीत मात्र सांगितली: गेलेल्याचे काही राहून गेले असेल तर मागच्यांनी ते मोठ्याने बोलायचे, शब्द द्यायचा. त्या वर्षीच्या पितृपक्षात गच्चीवर पान ठेवताना तिने सगळ्यांना खाली पाठवले आणि एकटीच काही तरी बोलली. काय बोलली, ते आम्ही विचारले नाही.

बँकेच्या नोकरीत मयत खातेदारांची प्रकरणे पुष्कळ हाताळली. खातेदार जातो, खाते राहते. वारसाचे नाव लावलेले नसेल तर कागद वर्षानुवर्षे फिरतात. दहा वर्षे कोणी विचारले नाही, तर ती रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जाते. पण हक्क बुडत नाही, वारस केव्हाही येऊन मागू शकतो. मला नेहमी वाटे, की रकमेपेक्षा जास्त काहीतरी या फाइलींमध्ये अडकलेले असते. टेबलापलीकडचा माणूस पैशाचे बोलता बोलता मध्येच वडिलांचे बोलू लागे. न मिटलेल्या व्यवहाराला भूत म्हणायची आपली लोकरीत उगीच नाही. मुलांच्या मनातही अशी खाती उघडी असतात, आणि ती वयाने लहान म्हणून त्यांना कोणी वारस धरत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि कोल्हापुरात तो आलाच पाहिजे. ज्या राज्यात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि ज्या शहरात २०१५ साली गोविंदराव पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे मुलांच्या हाती भुताखेतांची पुस्तके द्यावीत का? आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी लागतो. गोष्ट म्हणते, ‘समजा, असे झाले.’ भोंदू म्हणतो, ‘असेच आहे, आणि इतके पैसे ठेव.’ जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तो दुसऱ्यासाठी आहे. पहिल्याला त्याने हात लावलेला नाही. उलट, ‘समजा’ म्हणण्याची सवय लागलेले मूल ‘असेच आहे’ म्हणणाऱ्याला लवकर ओळखते. शुस्टरमनच्या जगावर माझ्या नातीचा विश्वास नाही. ती म्हणते, ‘ते खोटंच आहे हो, पण त्यातलं वाटणं खरं आहे.’ एवढी समज आली, की भूतकथेची भीती बाळगायचे कारण नाही.

आणि मृत्यूकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे या गावाला परके नाही. पंचगंगेच्या काठच्या स्मशानात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. होळी आली, की तालमी, मंडळे आणि गल्लीतली पोरे होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानाला देतात. कोणाच्या तरी चितेसाठी आपण शेणी देतो आहोत, हे त्या पोरांना कळत असते आणि त्याने ती घाबरत नाहीत. २०१९ च्या महापुरात ते स्मशानही पाण्याखाली गेले होते. नदी, माती आणि माणसे यांचे हे नाते ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला परलोकाची गोष्ट मराठीत सांगायला लेखकाने कचरावे असे काही नाही.

१८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे. अशा ग्रंथालयांच्या मुलांच्या विभागात एक कप्पा असा असावा, की ज्यात कठोपनिषदाची गोष्ट सोप्या मराठीत असेल, वेताळ असेल, ‘श्यामची आई’ असेल, धारप-मतकरींच्या निवडक कथा असतील आणि शुस्टरमनही असेल. लिहिणाऱ्यांनी त्यात भर घालावी. पिंपळावरच्या मुंजाला त्याचे स्वतःचे म्हणणे मांडू द्यावे. तो दोनशे वर्षे तिथे काय करतो, त्याची मैत्री कोणाशी होते आणि शेवटी त्याला कोण सोडवते, हे तीन भागांत ऐसपैस सांगता येईल.

तोपर्यंत पालकांना एवढेच सुचवतो: पुस्तक काढून घेऊ नका, मागून घ्या. वाचा, आणि परत देताना एक तरी प्रश्न विचारा. घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव त्या निमित्ताने निघेल. ते निघाले, की पुढचे बोलणे मुलेच करतात.