सूर्याकडे जाणारी शर्यत



मार्च महिन्याचा पहिला आठवडा उलटला म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याची चाहूल लागते. त्याच सुमारास उत्तर फ्रान्समध्यें मात्र हिवाळ्याचा अंमल सरलेला नसतो. झाडें निष्पर्ण असतात, शेतांवरून बोंचरा वारा वाहत असतो, आणि अशा हवेंत पॅरिसच्या आसपासच्या एखाद्या गांवाहून दीडशेंएक सायकलस्वार दक्षिणेकडे निघतात. आठ दिवसांनीं ते भूमध्य समुद्राच्या कांठीं नीस शहरीं पोंचतात. तेथें तोंवर वसंत आलेला असतो. म्हणूनच या 'पॅरिस-नीस' शर्यतीला फ्रेंच लोक 'सूर्याकडे जाणारी शर्यत' म्हणतात. ती रसिकानें कशी पाहावी, तींत पाहण्यासारखें काय असतें, हें आज आपणांस थोडक्यांत सांगावयाचें आहे.

शर्यतीचा जन्म १९३३ सालचा. आल्बेर लजन या वृत्तपत्र-व्यवसायी गृहस्थाच्या हातीं पॅरिस व नीस या दोन्ही शहरांतील पत्रें होतीं, आणि त्यांचा खप वाढावा हा हेतु शर्यतीमागें होता हें लपविण्याचें कारण नाहीं. पहिल्या वर्षीं बेल्जियमचा आल्फाँस शेपर्स विजयी झाला. दुसऱ्या महायुद्धांत शर्यत बंद पडली, १९४६ मध्यें एकदां भरली, पुन्हां थांबली, आणि १९५१ सालीं नीसचे नगराध्यक्ष जाँ मेदसँ यांच्या पुढाकारानें तिचें पुनरुज्जीवन झालें. आज ती मोसमाच्या आरंभींची एक मानाची शर्यत समजली जाते.

नवख्या प्रेक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते. तासन् तास एक घोळका रस्त्यानें जातो. यांत पाहावयाचें काय? तक्रार खोटी नाहीं. परंतु दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या कीं त्या घोळक्याला अर्थ येतो. पहिली गोष्ट हिशेबाची. येथें रोज नवी शर्यत असते, पण प्रत्येकाला लागलेला वेळ दिवसामागून दिवस बेरजेंत धरला जातो आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी होतो. एका घोळक्यांतून जे एकत्र पोंचतात त्यांना सारखाच वेळ मिळतो. म्हणून मुख्य प्रश्न एवढाच, कीं घोळका फुटतो कोठें.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा शत्रु हवा. दुसऱ्याच्या पाठीमागें, त्याच्या आडोशाला राहिलें तर श्रमाचा चौथा ते तिसरा हिस्सा वांचतो. वारा समोरून असेल तर सर्वांना आडोसा मिळतो आणि कोणीहि मागें पडत नाहीं. पण वारा बाजूनें वाहूं लागला म्हणजे आडोसा ठीक पाठीमागें न राहतां तिरकस मागच्या बाजूला सरकतो. मग सायकलस्वार रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रांग धरतात. रस्ता मात्र रुंद होत नाहीं. दहा-पंधरा जणांची रांग भरली कीं सोळाव्याला जागा उरत नाहीं. तो कडेला एकटा वाऱ्याच्या तोंडीं सांपडतो, दमतो, त्याच्या पुढें चार हातांचें अंतर पडतें आणि त्याच्या मागचे सर्व त्याच्याबरोबर तुटतात. फ्रेंच भाषेंत या प्रकाराला 'बोर्द्यूर' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच कड असा आहे. उत्तरेकडील उघड्या मैदानांत आणि पुढें ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत हा धोका सदैव असतो. तेव्हां झाडें कोणत्या बाजूला वांकलीं आहेत आणि रस्ता कोठें वळणार आहे, हें पाहत राहावें. जे संघ वळण येण्यापूर्वींच पुढें सरकूं लागतात, त्यांच्या मनांत कांहीं तरी आहे हें ओळखावें.

मैदान संपून डोंगर आले म्हणजे हवेचा आडोसा फारसा कामाचा राहत नाहीं आणि ज्याच्या त्याच्या पायांची परीक्षा होते. मुंबई-पुणें सायकल-शर्यतींत बोरघाट चढणारे सायकलस्वार ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना हें वेगळें सांगावयास नको. नीस शहराच्या माथ्यावर एझची खिंड आहे. उंची अवघी पांचशें मीटर. पण या शर्यतीचा निकाल तिनें अनेकदां लावला आहे. १९७२ सालीं शेवटच्या दिवशीं ही चढण एकेकट्यानें घड्याळाशीं स्पर्धा करीत चढावयाची होती. बेल्जियमचा एडी मर्क्स मागील तीन वर्षें ओळीनें जिंकला होता आणि या खेपेसहि १६ सेकंदांनीं पुढें होता. त्याच्या मागें होता फ्रान्सचा रेमों पुलिदोर. वय पस्तीस, 'तूर द फ्रान्स' एकदांहि न जिंकल्यामुळें लोकांनीं त्याला 'सदैव दुसरा' असें नांव दिलेलें. त्या दिवशीं तो मर्क्सपेक्षां २२ सेकंद लवकर वर पोंचला आणि सहा सेकंदांनीं शर्यत जिंकला. पुढच्या वर्षीं पुन्हां तोच जिंकला.

सेकंदांचें मोल याहूनहि कमी प्रमाणांत दिसूं शकतें. रोजच्या टप्प्यांत पहिल्या तिघांच्या वेळांतून अनुक्रमें १०, ६ व ४ सेकंद बक्षिसादाखल वजा होतात. २०१७ सालीं शेवटच्या दिवशीं स्पेनचा आल्बेर्तो काँतादोर, कोलंबियाच्या सर्जियो एनाओच्या ३१ सेकंद मागें होता. त्यानें नीसभोंवतालच्या डोंगरांत चढाई केली आणि जवळजवळ सर्व अंतर भरून काढलें. पण अखेरच्या धांवेंत त्याच्या जोडीला असलेल्या दाविद दे ला क्रूसनें त्याला मागें टाकलें. काँतादोर दुसरा आला, सहा सेकंद मिळाले, आणि आठ दिवसांची शर्यत त्यानें दोन सेकंदांनीं गमावली. पहिला आला असता तर दहा मिळाले असते. ज्यानें आठहि दिवस हिशेब ठेवला होता, त्यालाच त्या शेवटच्या दोनशें मीटरांत काय पणाला लागलें होतें हें कळलें.

परंतु या शर्यतींत केवळ सेकंदच गमावले जातात असें नाहीं. १९९१ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल-संघटनेनें शिरस्त्राण, म्हणजे आपल्या नित्याच्या भाषेंतील हेल्मेट, सक्तीचें करूं पाहिलें. त्याच वर्षींच्या पॅरिस-नीसमध्यें सायकलस्वारांनीं त्याला विरोध केला. उकाडा होतो, ओझें होतें, आमच्या डोक्याची काळजी आमची आम्ही घेऊं, असा त्यांचा युक्तिवाद होता. संघटनेनें माघार घेतली. बारा वर्षांनंतर, ११ मार्च २००३ रोजीं, याच शर्यतींत सँ-एतिएन शहराच्या वाटेवर कझाकस्तानचा आंद्रे किविलेव पडला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचा मृत्यु झाला. वय अवघें एकोणतीस. त्या दिवशीं कोणीहि शर्यत लढविली नाहीं. सर्वजण संथपणें एकत्र गेले. त्या वर्षींचें विजेतेपद त्याचा देशबांधव व मित्र अलेक्झांडर विनोकुरोव यानें मिळविलें. मे महिन्यांत शिरस्त्राणाची सक्ती झाली. शेवटच्या चढणीपुरती प्रथम सूट होती, पुढें तीहि गेली. आज पडद्यावर एकहि उघडें डोकें दिसत नाहीं; त्या साध्या दृश्यामागें एवढा इतिहास आहे.

हवेपुढें या शर्यतीलाहि नमावें लागतें. २०१६ मध्यें बर्फामुळें आणि २०२३ मध्यें सोसाट्याच्या वाऱ्यामुळें एकेक टप्पा रद्द झाला. २०२० सालीं महामारीनें युरोपचीं दारें बंद होऊं लागलीं आणि शर्यत एक दिवस आधींच आटोपली. सूर्याकडे निघालेले लोक त्या वर्षीं समुद्रापर्यंत पोंचलेच नाहींत.

आपल्याला ही शर्यत पाहणें सोयीचेंहि आहे. मार्चमध्यें फ्रान्सचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेचार तास मागें असतें. तिकडे दुपारचे चार वाजतात तेव्हां येथें रात्रीचे साडेआठ झालेले असतात आणि घरांतील मंडळी जेवणाच्या पाटावर येण्याच्या बेतांत असतात. पहिल्याच दिवशीं एखादा सायकलस्वार आपला म्हणून निवडावा. तो पुढारीच असला पाहिजे असें नाहीं. दुसऱ्यासाठीं वारा झेलणारा, पाण्याच्या बाटल्या वाहून आणणारा असला तरी चालेल. एका कागदावर रोज त्याचा वेळ टिपावा. आठव्या दिवशीं तो शंभरावा आला, तरी समुद्र दिसतांच आपणहि त्याच्याबरोबर सुटकेचा निःश्वास टाकाल.