कामाच्या सावलीला चार दिवस



नववी-दहावीच्या वर्गात जाऊन सहज विचारावे, "बाळांनो, पुढे कोण होणार?" उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोणी पोलीस, कोणी फौजी, कोणी मास्तर, एखादी मुलगी डॉक्टर किंवा नर्स. अलीकडे त्यात 'कॉम्प्युटर' या एका शब्दाची भर पडली आहे. म्हणजे नक्की काय, ते विचारू नये! आमच्या मुलांची बुद्धी थोडी आहे म्हणून असे होत नाही. त्यांनी जवळून पाहिलेली कामेच तेवढी. वास्तविक त्याच गावात दूध संकलन केंद्राचा सचिव असतो, जनावरांचा डॉक्टर येतो, वायरमन खांबावर चढतो, सोसायटीत पीककर्जाचे हिशेब चालतात, औषधाच्या दुकानात फार्मसी शिकलेला माणूस बसलेला असतो. मुलगा या सगळ्यांवरून रोज सायकल मारीत जातो. पण ही माणसे दिवसभर काय करतात, त्यासाठी काय शिकावे लागते, त्यातले सुख कोणते नि कटकट कोणती, हे त्याला कोणी सांगत नाही. दहावीनंतर शाखा निवडायची वेळ आली, की शेजारच्या मुलाने जो अर्ज भरला तोच हा भरतो.

यावरचा उपाय नवा नाही. मुलांना काही दिवस कामाच्या ठिकाणी धाडावे, एवढाच तो आहे. मात्र यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली, सावली धरणे: एक दोन दिवस एखाद्या कामकरी माणसाच्या मागे राहून तो काय करतो ते नुसते पाहायचे, विचारायचे, टिपून घ्यायचे. दुसरी, कार्यानुभव: स्वतःच्या हाताने काही बनवायचे, दुरुस्त करायचे, पिकवायचे. तिसरी, उमेदवारी: धंदा शिकण्यासाठी ठरावीक मुदत एखाद्या कारखान्यात राहायचे. या तिसऱ्या गोष्टीसाठी 1961 चा स्वतंत्र कायदा आहे आणि उमेदवाराला विद्यावेतनही मिळते; ती शाळा सुटल्यानंतरची पायरी. हायस्कुलाने विचार करायचा तो पहिल्या दोहोंचा.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्याकडे जुनाच. 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राबून, एकत्र जेवून शिकली. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. तिचा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने केला. पुढे 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याच विषयाला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे लांबलचक नाव दिले.

नावे बदलली, पण वर्गात काय उरले? शिक्षक मित्रांना वेगळे सांगायला नको. वेळापत्रकात शेवटचा तास, क्रेप कागदाची फुले, भिंतीवरचे एखादे तोरण आणि प्रगतिपुस्तकात एक श्रेणी. पुष्कळ ठिकाणी तो तास गणिताने किंवा इंग्रजीने गिळला. याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे बरोबर नाही. ज्याला सुतारकाम येत नाही त्याने सुतारकाम कसे शिकवावे? योजना आखणाऱ्यांनी कारागिराला शाळेच्या फाटकाबाहेरच ठेवले, तिथेच घोडे अडले.

हे कोडे सोडविण्याचा एक प्रयत्न पुणे जिल्ह्यात झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ. 1983 साली त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. ज्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र, तिची स्थापना 1948 साली याच जे. पी. नाईकांनी केलेली. तिथून हायस्कुलासाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय निघाला आणि राज्याच्या शालान्त मंडळाने तो मान्य केला. आठवीपासून दहावीपर्यंत मुले-मुली आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. कामाचे चार भाग: कार्यशाळा व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही भाग सर्वांना. शिकवायला गावातलाच हुन्नर जाणणारा माणूस. आणि खरी मेख अशी, की मुले जे करतात ते गावाच्या उपयोगी पडावे लागते. माती तपासून दिली तर ती कोणाच्या तरी शेतातली असते. लोखंडी स्टँड केले तर कोणीतरी ते घरी नेऊन त्यावर काहीतरी ठेवणार असतो. वेल्डिंग कच्चे राहिले तर गिऱ्हाईक परत येते. गुण देणाऱ्या मास्तरापेक्षा असे गिऱ्हाईक चोख परीक्षक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सावली धरण्याविषयी. याला यंत्र नको, इमारत नको, अनुदान नको. समजा, एक मुलगी दोन दिवस पहाटे दूध संकलन केंद्रावर उभी राहिली. तिला काय दिसेल? कॅन येतो, नमुना घेतला जातो, फॅटचा आकडा निघतो, लॅक्टोमीटर बुडविला जातो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एस.एन.एफ. धरून बोलतात, एस.एन.एफ. म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. विज्ञानाच्या पुस्तकात तिने घनता वाचलेली असते. इथे ती घनता पैशांत बदलताना दिसते. दुधात पाणी घातले की घनता घटते आणि लॅक्टोमीटर खोल जातो. पण साय काढून घेतली तर दूध उलट जड होते, कारण साय पाण्याहूनही हलकी. म्हणजे कोणी लबाडाने आधी साय काढली आणि मग बेताने पाणी ओतले, तर नुसता लॅक्टोमीटर 'सगळे ठीक' म्हणून सांगेल! म्हणूनच फॅटची वेगळी तपासणी लागते. हे वर्गात दहा वेळा सांगून डोक्यात शिरत नाही. केंद्रावर दोन पहाटांत शिरते. शिवाय घरच्या गाईच्या दुधाची पावती पुढच्या आठवड्यात ती मुलगी स्वतः वाचू लागते, हा त्यातला खासा लाभ.

जनावरांच्या दवाखान्यात गेलेल्या मुलाला द्रवरूप नायट्रोजनचे भांडे दिसेल. कृत्रिम रेतनाच्या कांड्या शून्याखाली 196 अंशांवर त्यात ठेवतात आणि वापरण्याआधी 37 अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा मिनिट धरतात. झाकणाशी उठणारा पांढरा धूर हात न लावता, लांबूनच पाहायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी 2 ते 8 अंशांत ठेवलेल्या असतात. लशीच्या पुष्कळशा कुप्यांवर एक लहानसे वर्तुळ असते नि त्यात एक चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाला आला, की ती कुपी बाद. नर्सबाईंचा सगळा दिवस किती जोखमीचा असतो, हे या एवढ्याशा चौकोनावरून कळते.

आता एक काळजीची गोष्ट. 1953 साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली होती. मुलांनी दिवसातले थोडे तास शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती कल्पना. लोकांनी तिला 'कुळाचे शिक्षण' म्हणून हिणवले. चांभाराच्या पोराने चांभार आणि धोब्याच्या पोराने धोबीच राहावे काय, असा सवाल पेरियार रामस्वामींनी आणि इतर अनेकांनी केला. 1954 साली कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना मागे घेतली गेली. हेतू काहीही असो, लोकांचा राग रास्त होता. कामाचे शिक्षण नेमके घरच्याच कामाला बांधले, तर ते जातीच्या जुन्या खुंटीला दावे लावण्यासारखे होते.

म्हणून आम्ही असे सुचवू, की मुलाला घरचे काम सोडून दुसऱ्या कोणत्याही कामाच्या मागे पाठवावे. ऊसतोडीचे कष्ट ज्याने लहानपणापासून पाहिले, त्याला बँकेत पाठवा. सराफाच्या मुलाला रोपवाटिकेत चिखल तुडवू द्या. मुलींना शिवणयंत्रावर आणि मुलग्यांना गॅरेजवर, ही वाटणी तर मुळीच करू नये.

दुसरा धोका फुकटच्या मजुरीचा. "पोरगं आलंच आहे, तर जरा कॅन धुऊन घेऊ," असे वाटणारा मालक निघतोच. त्यात त्याचा फार दुष्टपणा असतो असेही नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. 2016 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात नोकरीला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेव्यतिरिक्त वेळात हातभार लावण्याची सवलत आहे, आणि तीही धोक्याचे काम वगळून. 14 ते 18 वयाच्या मुलांना खाणी, स्फोटक वा ज्वालाग्राही पदार्थ आणि कारखान्यांतली धोक्याची कामे बंद आहेत. तेव्हा विजेचे उपकेंद्र कुंपणाबाहेरूनच पाहावे. फवारणी चालू असेल तर शेतात पाठवूच नये. आणि जिथे मूल गेल्यामुळे एक गडी कमी लावला गेला, तिथे दुसऱ्या दिवशी त्याला पाठवू नये. ही कसोटी कायद्याच्या पुस्तकात नसली तरी व्यवहारात अचूक चालते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस 'दप्तराविना' सांगितले आहेत. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणत्यांपाशी शिकावे, असे त्यात म्हटले आहे. बारावीपर्यंतच्या मुलांनाही, सुटीत धरून, अशी संधी मिळावी असे धोरण सांगते. तेव्हा मुख्याध्यापकांना 'हे नियमात कुठे बसते?' म्हणून अडून बसायचे कारण नाही. दहा दिवसांची सहल काढून मोकळे होऊ नये, एवढीच विनंती.

तयारी थोडीच लागते, पण ती आधी करावी. ज्याच्याकडे मुले जाणार त्याला शिक्षकांनी स्वतः भेटून यावे. नुसत्या चिठ्ठीवर काम भागत नाही. आईवडिलांची लेखी संमती घ्यावी. मुले दोघादोघांनी पाठवावीत, म्हणजे मुलींच्या घरचेही निर्धास्त राहतात आणि बुजरे मूल गप्प बसत नाही. प्रत्येकाच्या वहीत चार प्रश्न लिहून द्यावेत: तुम्ही हे काम कोणाकडून शिकलात? सर्वांत अवघड काय वाटते? चूक झाली तर नुकसान कोणाचे होते? या कामात शाळेतले काय उपयोगी पडले? शेवटच्या प्रश्नाला "काहीच नाही हो!" असे उत्तर आले तरी मुलाने ते तसेच टिपावे. शिक्षकांनी मग ते वर्गात वाचावे आणि खरोखरच काही नाही का, याचा शोध मुलांकडूनच घ्यावा. तराजू, टक्केवारी, पावतीवरचे अक्षर, गिऱ्हाइकाशी बोलणे, असे पुष्कळ काही निघते. कधी काही निघतही नाही; मग तो धडा कसा शिकवावा याचा विचार मास्तरांनी करावा.

दिवस ठरविताना गावाचा हंगाम पाहावा. सोसायटीत वर्षअखेरीच्या वसुलीची घाई असताना सचिवाला प्रश्न विचारणारे पोर नकोसे होते. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानदाराला बोलायला सवड नसते. तेव्हा बोलण्यासाठी आदला दिवस धरावा आणि बाजाराच्या दिवशी मुलांनी एका कडेला उभे राहून नुसते पाहावे.